सेमी-ऑटोमॅटिक वेल्डिंगची टेस्ट : तार कोणती, व्होल्ट किती?

आखाती देशांतील कंपन्यांसाठी मुंबईत वेल्डरच्या ज्या ट्रेड टेस्ट होतात, त्यांत साध्या रॉडच्या वेल्डिंगबरोबर आता ‘सीओटू’ची, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक वेल्डिंगची टेस्टही मागितली जाते. कोकणातील, मुंब्रा-भिवंडीतील आणि मालेगावातील आपली मुले या टेस्टना जातात. त्यांतील अनेकांचा हात चांगला असतो. गावात ग्रिल, शटर, ट्रॉली, शेड यांचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केलेले असते. तरीही टेस्टच्या दिवशी मशीन समोर आले की गडबड होते आणि मुलगा प्लेट बिघडवून घरी परततो. अशा एका परतीची किंमत घरच्यांना विचारा. कोणी आईचे दागिने मोडून मुंबईचा खर्च केलेला असतो, तर कोणी व्याजी पैसा उचललेला असतो. व्याजाचा गुनाह तर आहेच, वर नोकरीही नाही.

कापडाच्या व्यापाऱ्याने वेल्डिंगवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण असे की लूमच्या फ्रेमा, बीमचे स्टँड आणि गोदामाचे रॅक बनविणाऱ्या कारागिरांशी आमचा रोजचा संबंध येतो. या कामाची माहिती इंग्रजी पुस्तकांत भरपूर आहे. मराठीत किंवा उर्दूत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. जाणकार कारागिरांबरोबर बसून आणि पुस्तके पाहून जे समजले ते येथे सोप्या भाषेत मांडतो. हात चालविण्याचा हुनर उस्तादाकडूनच शिकावा लागेल. हा लेख आहे तो तार कोणत्या जाडीची घ्यावी आणि मशीन कसे लावावे यापुरता.

दोन खुंट्या आणि त्यांचा अर्थ

रॉडच्या वेल्डिंगमध्ये कांडी संपली की दुसरी लावावी लागते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तारेचे मोठे रीळ असते, मोटर ती तार गनमधून सतत पुढे ढकलते आणि गनच्या तोंडातून गॅस येऊन वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवितो. तार आपोआप येते, परंतु गन माणसाच्या हातात असते, म्हणून ‘सेमी’ म्हणजे अर्धे. ही पद्धत १९४८ साली अमेरिकेत प्रथम अॅल्युमिनियमसाठी निघाली. पुढे १९५३ च्या सुमारास सोव्हिएत रशियात कार्बन डायऑक्साइड हा स्वस्त गॅस वापरून लोखंडाचे काम होऊ लागले. तोच आपला सीओटू.

रॉडवर शिकलेल्या मुलाचा घोटाळा येथेच होतो. रॉडच्या मशीनवर एकच खुंटी असते, करंटची. सीओटूच्या मशीनवर दोन असतात. एक तारेच्या वेगाची आणि दुसरी व्होल्टेजची. मुलगा विचारतो, करंट कोठे आहे? करंट तारेच्या वेगात आहे. तार जितकी जलद येईल, तितका करंट मशीन तिला वितळविण्यासाठी आपोआप देते. वेग वाढविला की अँपिअर वाढले, वेग कमी केला की अँपिअर उतरले. काही फीडरवर वेगाच्या खुंटीलाच ‘करंट’ असे लिहिलेले असते, ते याच कारणाने.

व्होल्टेजचे काम निराळे. ते आर्कची लांबी ठरविते. व्होल्ट वाढविले की आर्क लांब होते आणि मणी, म्हणजे वेल्डची पट्टी, पसरट व चपटी होते. व्होल्ट कमी केले की आर्क आखूड होते, मणी उंच व अरुंद बसतो. फारच कमी केले तर तार न वितळता प्लेटवर ठोकर देते आणि गन हातात उड्या मारू लागते. हे दोन्ही धागे एकमेकांशी जुळले पाहिजेत. लूमवर ताणा आणि बाणा यांचा मेळ बिघडला की कापड बिघडते, तसेच समजा.

तारेचा नंबर

आमच्या धंद्यात सुताचा काउंट उलटा चालतो. ४० चे सूत २० पेक्षा बारीक, ६० चे त्याहून बारीक. वेल्डिंगच्या तारेत असे काही नाही. रिळावर ०.८, १.०, १.२, १.६ असे जे लिहिलेले असते तो सरळ तारेचा मिलिमीटरमधील व्यास होय. अमेरिकन कागदपत्रांत तोच इंचात असतो. ०.०३० इंच म्हणजे आपली ०.८, ०.०३५ म्हणजे ०.९ आणि ०.०४५ म्हणजे जवळपास १.२. आखातातील पुष्कळ कामे अमेरिकन नियमांनी चालतात, म्हणून टेस्टच्या कागदावर इंचातील आकडा दिसला तर गोंधळू नये.

आता ०.८ आणि १.२ यांत फरक किती? दिसायला दीडपट. परंतु तारेत माल किती आहे हे तिच्या कापलेल्या तोंडावरून ठरते, आणि ते क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. ०.८ च्या तारेचे तोंड साधारण ०.५ चौरस मिलिमीटर भरते, १.२ च्या तारेचे १.१३. म्हणजे सव्वादोन पट. मोटरचा वेग तोच ठेवून नुसते रीळ बदलले तर प्लेटवर सव्वादोन पट लोखंड पडू लागेल, आणि ते वितळविण्यास करंटही त्याच मानाने वाढेल. गावात ०.८ वर सराव केलेला मुलगा टेस्टला १.२ च्या मशीनवर जुन्याच आकड्याला खुंटी लावतो आणि सारे हाताबाहेर जाते, त्यामागे हाच हिशेब आहे.

अमेरिकन कारागिरांचा एक अंदाजी हिशेब आहे, तो उपयोगी पडतो. भरीव तारेत १२५ अँपिअर हवे असतील तर ०.८ ची तार मिनिटाला सुमारे साडेसहा मीटर चालवावी लागते, १.२ ची मात्र सुमारे सव्वातीन मीटर. फीडरवरची खुंटी मीटर दाखवीत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. घड्याळ लावून सहा सेकंद तार बाहेर सोडा, तिची लांबी मोजा आणि दहाने गुणा. ६५ सेंटिमीटर निघाली तर मिनिटाला साडेसहा मीटर. हे करताना गनचे तोंड स्वतःकडे किंवा कोणाच्या डोळ्याकडे नसावे.

तारेची जातही पाहावी लागते. मुख्य जाती दोन. एक भरीव तार, जिच्यावर बहुधा तांब्याचा मुलामा असतो. तिच्या रिळावर ‘ईआर ७० एस-६’ असे लिहिलेले असते. यांतील ७० म्हणजे जोडाची ताकद दर चौरस इंचाला ७०,००० पौंड. ‘एस’ म्हणजे भरीव. ६ हा आकडा तारेतील मसाल्याच्या प्रमाणाचा. या जातीत मँगनीज आणि सिलिकॉन जास्त असल्याने ती थोडाफार गंज सहन करते. दुसरी पोकळ तार, जिच्या पोटात फ्लक्सची पूड भरलेली असते. तिला फ्लक्स-कोअर म्हणतात आणि तिच्यावर ‘ई ७१ टी-१’ असे असते. ७ म्हणजे तीच ७०,००० ची ताकद, त्यापुढचा १ म्हणजे सर्व पोझिशनला चालणारी, ‘टी’ म्हणजे नळीसारखी पोकळ. तिच्यावर रॉडसारखा स्लॅग येतो आणि तो प्रत्येक थरानंतर झाडावा लागतो. शेवटी ‘सी’ असेल तर ती निव्वळ सीओटूसाठी, ‘एम’ असेल तर आर्गन मिसळलेल्या गॅससाठी.

भरीव तारेचे आकडे फ्लक्स-कोअरला लावू नयेत. १.२ ची भरीव तार मिनिटाला साडेसहा मीटर चालविली तर अडीचशेच्या आसपास अँपिअर खेचते. तेवढ्याच जाडीची फ्लक्स-कोअर त्याच वेगाला १८० ते १९० वर असते, कारण तिच्या पोटात लोखंडाऐवजी पूड आहे.

कोणत्या कामाला कोणती

पत्रा ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर ०.८ ची भरीव तार बरी. कपाट, पेटी, मोटारीची बॉडी, ग्रिलचा पातळ पाइप ही सगळी कामे तिची. जाड तार येथे लावली तर तिला वितळविण्यापुरता करंट देतानाच पत्र्याला भोक पडते. ३ ते ६ मिलिमीटरला १.० किंवा ०.९ सोयीची. त्यावर १.२. पातळ लोखंडासाठी एक जुना ठोकताळा आहे, दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर. ३ मिलिमीटरला १२०. हा हिशेब ५ ते ६ मिलिमीटरपर्यंतच खरा मानावा. पुढे थरावर थर द्यावे लागतात, तेथे तो चालत नाही.

टेस्टची प्लेट मात्र बहुतेक १० मिलिमीटरची किंवा त्याहून जाड असते. अमेरिकन स्ट्रक्चरल नियमाप्रमाणे १० मिलिमीटरच्या प्लेटवर पास झालेला वेल्डर ३ ते सुमारे २० मिलिमीटरपर्यंतच्या कामास पात्र धरतात, आणि २५ मिलिमीटरच्या प्लेटवर पास झालेल्याला वरची मर्यादाच राहत नाही. अशा प्लेटवर बारीक तारेने, कमी व्होल्टवर, टिक-टिक करीत भरलेला जोड वरून सुंदर दिसतो, परंतु आत प्लेटच्या भिंतीला चिकटलेलाच नसतो. याला ‘कोल्ड लॅप’ म्हणतात. सीओटूच्या टेस्टमध्ये नापास होण्याचे माझ्या समजुतीने सर्वांत मोठे कारण हेच. रॉडमध्ये करंट कमी पडला तर कांडी चिकटते आणि वेल्डरला लगेच कळते. सीओटूत तार चिकटत नाही, काम चालूच राहते, मणीही बनतो, आणि दोष आत झाकून जातो. ज्या मशीनची खासियतच काम सोपे करणे ही आहे, ते मशीन अशी फसवणूकही तितक्याच सहजपणे करते.

म्हणून जाड प्लेटला, विशेषतः उभ्या आणि डोक्यावरच्या जोडाला, आखातातील स्ट्रक्चरल वर्कशॉपांत आणि जहाजांच्या गोद्यांत १.२ ची फ्लक्स-कोअर वापरतात. तिचा आर्क गरम असतो, भिंतीत चांगला शिरतो, आणि वर येणारा स्लॅग वितळलेल्या लोखंडाला खाली ओघळू देत नाही. म्हणजे करंट जास्त ठेवूनही उभ्या जोडात माल सांभाळता येतो. भरीव तारेला हा आधार नसतो, तिचा करंट उभ्या जोडात उतरवावा लागतो आणि कोल्ड लॅपचा धोका वाढतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. टेस्टमध्ये तार निवडणे पुष्कळदा आपल्या हातात नसते. टेस्ट घेणाऱ्याकडे डब्ल्यूपीएस नावाचा कागद असतो. त्यावर तारेची जात, व्यास, गॅस, अँपिअर, व्होल्ट आणि पोझिशन लिहिलेली असते, आणि अँपिअर व व्होल्ट यांना खालची आणि वरची हद्द दिलेली असते. तो कागद मागून वाचणे हा वेल्डरचा हक्क आहे. लाजून न विचारता सुरुवात करणारी मुले मी पुष्कळ ऐकली आहेत. परीक्षकाला विचारणारा वेल्डर अडाणी वाटत नाही, उलट कागद वाचणारा वाटतो. कागदावर हद्द १६० ते २०० असेल आणि आपण १३० वर वेल्ड केले, तर जोड चांगला असूनही परीक्षक नापास करू शकतो.

मशीन लावताना

आकडे कोठून सुरू करावेत? यासाठी एक सूत्र आहे. अँपिअरला ०.०५ ने गुणा आणि त्यात १४ मिळवा, म्हणजे व्होल्ट. १२० अँपिअरला ६ अधिक १४, म्हणजे २०. २०० अँपिअरला १० अधिक १४, म्हणजे २४. मशीन बनविणारेही मशीनची क्षमता तपासताना हाच हिशेब धरतात. बारीक टिक-टिक करणाऱ्या आखूड आर्कला याहून एखाद-दोन व्होल्ट कमी लागतात, फ्लक्स-कोअरला एखाद-दोन जास्त. निव्वळ सीओटू गॅस असेल तर आर्गन मिसळलेल्या गॅसपेक्षा थोडे व्होल्ट जास्त ठेवावे लागतात.

उदाहरण म्हणून तीच टेस्ट घेऊ जी आपल्या मुलांना वारंवार पडते : ३जी, म्हणजे उभी प्लेट, १० मिलिमीटर जाड, मागे लोखंडी पट्टी, १.२ ची ई ७१ टी-१ तार, सीओटू गॅस. अमेरिकन नियमाच्या टेस्टमध्ये दोन्ही कडा मिळून ४५ अंशांचा खाचा आणि खाली ६ मिलिमीटरची फट असते. येथे तारेचा वेग मिनिटाला ६ ते ७ मीटर ठेवला की १७० ते २०० अँपिअर मिळतात, आणि व्होल्ट २३ ते २५. भंगार प्लेट उभी करून तिच्यावर आधी एक हात मारून पाहावा. टेस्टची प्लेट ही खुंट्या जुळविण्याची जागा नव्हे. आडव्या ठेवलेल्या भंगारावर जुळविलेले आकडे उभ्या प्लेटला लागू पडत नाहीत, म्हणून भंगारही उभेच लावावे.

जुळविताना एका वेळी एकच खुंटी फिरवावी. आधी वेग ठरवून ठेवावा आणि मग व्होल्ट अर्ध्या-अर्ध्याने खालीवर करावेत. दोन्ही एकदम फिरविणारा कोठून निघाला हेच विसरतो. कानही लावावा लागतो. आखूड आर्कच्या भरीव तारेचा आवाज कढईत काहीतरी तळत असल्यासारखा एकसारखा चुरचुरता यायला हवा. ठोकर देत फटफट आवाज आला तर व्होल्ट कमी आहेत किंवा वेग जास्त. आवाज मऊ फुसफुसणारा होऊन तारेच्या टोकाला मोठा थेंब लोंबू लागला तर व्होल्ट जास्त आहेत. फ्लक्स-कोअरचा आवाज याहून मुलायम आणि भरीव असतो, त्यात चुरचुर शोधू नये.

मणीही पाहावा. उंच, दोरीसारखा, कडेला न मिसळलेला मणी म्हणजे व्होल्ट कमी. फार पसरट, कडेने प्लेट खाल्लेली, जिला अंडरकट म्हणतात, म्हणजे व्होल्ट जास्त किंवा कडेला हात थांबला नाही. उभ्या जोडात कडेला क्षणभर थांबून मधून चटकन निघावे लागते. मधे थांबले की पोट फुगते.

खुंट्या बरोबर लागल्या तरी एक तिसरी खुंटी वेल्डरच्या हातातच असते, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. गनच्या टिपपासून प्लेटपर्यंत तारेची जी लांबी बाहेर राहते, ती. भरीव तारेच्या आखूड आर्कला ती १० ते १२ मिलिमीटर असावी, गॅसच्या फ्लक्स-कोअरला १५ ते २०. गन मागे खेचली की बाहेरची तार लांब होते, ती लांबी आधीच तापते आणि करंट उतरतो. थकलेल्या हाताने गन नकळत एक सेंटिमीटर मागे गेली की मशीनवरील आकडा न बदलताही जोड थंड पडतो. खोल खाचात मुळाशी पोहोचताना हेच होते, कारण नॉझल खाचात पूर्ण शिरत नाही.

मूळचा थर, ज्याला रूट म्हणतात, त्याकडे सर्वांत जास्त ध्यान द्यावे. प्लेटच्या कडा आणि आजूबाजूचा साधारण इंचभर भाग ग्राइंडरने चकचकीत करावा. मागची पट्टी प्लेटला घट्ट बसली पाहिजे. तिच्याखाली फट राहिली तर स्लॅग तेथे जाऊन बसतो. आर्क पट्टीवरच न ठेवता पट्टी आणि दोन्ही कडा अशा तिन्ही ठिकाणी मिळेल असा हात फिरवावा. जेथे थांबाल ते टोक ग्राइंडरने उतरते करूनच पुढे सुरू करावे. वेल्डिंग खालून वर करावे, कागदावर तसे लिहिले असेल तर नक्कीच. वरून खाली ओढणे सोपे आणि जलद असते, परंतु जाड प्लेटवर आत चिकटत नाही, आणि बॉयलर-पाइपच्या अमेरिकन नियमात दिशा बदलली तर ती टेस्टच वेगळी धरली जाते.

मागे पट्टी नसलेली, उघड्या फटीची टेस्ट असेल तर रूटला भरीव तार आखूड आर्कवर, १.० किंवा १.२, ११० ते १४० अँपिअर आणि १८ ते २० व्होल्ट अशी चालते. तिचा सराव वेगळा करावा लागतो. पट्टी लावून पास झालेल्याला पट्टीविना जोड करण्याची पात्रता मिळत नाही, हेही माहीत असावे.

तारेचा ध्रुव विसरू नये. भरीव तार आणि गॅसची फ्लक्स-कोअर, दोन्हींना गन पॉझिटिव्हवर लागते. बिनगॅसची एक फ्लक्स-कोअर असते, ‘टी-११’ किंवा ‘टी-८’ लिहिलेली, ती मात्र निगेटिव्हवर चालते. आधीच्या माणसाने तिच्यावर काम करून केबल उलट्या ठेवल्या असतील तर तुमच्या तारेचे छर्रेच छर्रे उडतील आणि तुम्ही खुंट्यांना दोष देत बसाल.

तार अडकली तर

टिप तारेच्या मापाची हवी. १.२ ला १.२ ची. मोठ्या भोकाच्या टिपमध्ये तार हलते आणि करंट तुटकतुटक मिळतो, झिजलेल्या टिपमध्येही तेच. तार ढकलणाऱ्या चाकाची खाचही त्याच मापाची लागते. भरीव तारेला व्ही आकाराची गुळगुळीत खाच, फ्लक्स-कोअरला दातेरी. चाकाचा दाब फार कसला तर पोकळ तार चेपते आणि आत अडकते, सैल ठेवला तर घसरते. फीडरजवळ तारेचा गुंता झाला तर सूत गुंतल्यासारखे सोडवीत बसू नये, कापून टाकावा. टेस्टला जाताना खिशात १.२ च्या दोन-तीन नव्या टिपा ठेवणारी मुले मला हुशार वाटतात. चार पैशांची वस्तू आहे.

गॅस मिनिटाला भरीव तारेच्या आखूड आर्कला १० ते १५ लिटर, फ्लक्स-कोअरला १५ ते २०. जास्त सोडला म्हणजे जास्त रक्षण असे नाही. फार जोराचा गॅस गनच्या तोंडाशी भोवरा करून बाहेरची हवाच आत खेचतो आणि मण्यात भोके पडतात. शेडमधला पंखाही हेच करतो. उन्हाळ्यात पंखा बंद करणे जिवावर येते, पण टेस्टच्या वेळी करावे. सीओटूच्या सिलिंडरविषयी आणखी एक बाब. आत गॅस पातळ रूपात असतो, त्यामुळे तो संपत येईपर्यंत दाबाचा काटा जवळपास तोच दाखवितो. काटा भरलेला पाहून निर्धास्त राहू नये, सिलिंडरचे वजन विचारावे. रेग्युलेटरला हीटर जोडला आहे की नाही तेही पाहावे, नाही तर गोठून गॅस मधेच थांबतो.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याची गोष्ट. टेरीकॉट किंवा पॉलिस्टरचा शर्ट घालून वेल्डिंगला बसू नये. ठिणगी पडली की तो कपडा वितळून कातडीला चिकटतो आणि जखम खोल जाते. जाड सुती ड्रिल किंवा सुती डेनिम घ्यावी. दुकानदार ‘कॉटन’ म्हणून देतो त्यावर भरवसा न ठेवता एक धागा काढून जाळून पाहावा. सूत जळून राख होते आणि जळलेल्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक गोळी बनते. फ्लक्स-कोअरचा धूरही दाट असतो, तोंडाला साधा रुमाल बांधून तो अडत नाही.

प्लेट कशी तपासतात

आधी डोळ्यांनी. अंडरकट, भोके, न भरलेला खाचा पाहिला जातो. मग प्लेटच्या पट्ट्या कापून वाकवितात. एखादी पट्टी चेहऱ्याकडून, एखादी मुळाकडून, जाड प्लेटची कुशीवर. वाकविल्यावर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली तर नापास. कोल्ड लॅप येथे लपत नाही, पट्टी तेथूनच तोंड उघडते. काही ठिकाणी वाकविण्याऐवजी एक्स-रे काढतात. आखूड आर्कच्या भरीव तारेला मात्र बॉयलर-पाइपच्या अमेरिकन नियमाने एक्स-रेवर पास करीत नाहीत, वाकवूनच पाहतात, कारण भिंतीला न चिकटलेला पातळ थर एक्स-रेत दिसेलच असे नाही. त्या पद्धतीवर जाणकारांचा किती भरवसा आहे ते यावरून समजावे.

पास झाल्यावर सर्टिफिकेट पेटीत ठेवून सहा महिने घरी बसले तर ते अमेरिकन नियमाने बाद होते. त्या प्रकारच्या वेल्डिंगचे काम सहा महिन्यांत केल्याची नोंद असावी लागते. व्हिसा लांबला तर मधल्या काळात एखाद्या वर्कशॉपमध्ये फ्लक्स-कोअरवर काम करावे आणि मालकाकडून तारखेसह लेखी घ्यावे.

सराव कोठे करावा? आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे, आठवी पास मुलाला घेतात, आणि त्यात सीओटूही शिकवितात. खासगी केंद्रेही पुष्कळ निघाली आहेत. तेथे पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. सरावाला कोणती तार देणार, किती प्लेटा देणार, आणि वाकवून दाखविणार का. एका केंद्राने आमच्या ओळखीच्या मुलाकडून पूर्ण फी घेतली आणि महिनाभर पातळ पत्र्यावर ०.८ ची तारच दिली. टेस्टला १० मिलिमीटरची प्लेट आणि १.२ ची फ्लक्स-कोअर पाहून मुलगा गांगरला. प्लेटा आणि तार महाग म्हणून केंद्रे हात आखडतात, तेव्हा किती प्लेटा मिळणार हे पावतीवरच लिहून घ्यावे.

घरची वर्कशॉप असलेल्यांनी निदान एक रीळ १.२ च्या फ्लक्स-कोअरचे आणि १० मिलिमीटरच्या प्लेटचे भंगार आणावे. मशीन किमान २५० अँपिअरचे, आणि ते सलग चालवू शकणारे असावे. पाटीवर ‘ड्यूटी सायकल’ म्हणून टक्के दिलेले असतात. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम. ग्रिलच्या कामाला घेतलेले लहान मशीन १९० अँपिअरवर उभ्या प्लेटचा सराव झेपवीत नाही, तापून बंद पडते. तेवढ्यासाठी नवे मशीन घेण्यापेक्षा दोन-तीन मुलांनी मिळून मोठ्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये रविवारी भाड्याने मशीन मागावे. आणि फ्लक्स-कोअरचे रीळ उघडले की उरलेली तार पावसाळ्यात मशीनवर तशीच सोडू नये. पुडीला दमट लागली की मण्यात किड्यांनी पोखरल्यासारख्या भोकांच्या रांगा उमटतात. रीळ काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोरड्या कपाटात ठेवावे.